बांध, वाट, वाटणी आणि कापसाचे पैसे : चार तंटे, चार दारं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पारोळा तालुक्यात वडिलांच्या नावावर 3 हेक्टर 20 आर जमीन आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि शिरपूरला दिलेली बहीण. शेजारचा चुलतभाऊ ट्रॅक्टरने बांध कोरत कोरत चार तास (म्हणजे नांगराच्या चार ओळी) आत आलाय आणि यंदा पेरणीच्या तोंडावर त्याने गाडवाटही नांगरून टाकली. घरात वाटणीचा विषय निघाला की आवाज चढतात. त्यात मागच्या हंगामातल्या कापसाचे 1,80,000 रुपये व्यापाऱ्याकडे अडकलेत. एकच दावा लावून हे सगळं मिटेल का, किती वर्षं लागतील, आणि कोर्टाबाहेर काही मार्ग आहे का?

एका दाव्यात हे मिटणार नाही. हे चार वेगळे तंटे आहेत. प्रतिवादी वेगळे, मुदती वेगळ्या, आणि त्यातला एक तर दिवाणी न्यायालयाकडे नेण्याआधी तहसीलदाराकडे न्यायला हवा. वकिलाकडे जाताना ‘केस टाकायची आहे’ एवढंच सांगू नका. प्रत्येक तंट्यात शेवटी जमिनीवर काय व्हायला हवं ते एका ओळीत लिहून न्या. मार्ग त्यावरून ठरतो.

सगळ्यात घाई वाटेची आहे. चालू वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. पेरणीच्या आधी नांगरलेली वाट म्हणजे दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत मुदत गेली समजा. ‘आधी बोलून बघू, कापूस निघू दे’ म्हणता म्हणता ती हातून जाते. अर्जात वाट कोणत्या गटातून कोणत्या गटात जाते, रुंदी किती, कधीपासून वापरात आहे आणि नेमकी कोणत्या तारखेला अडवली हे असायलाच हवं. तारीख नसेल तर मुदतीचा प्रश्न निघतो आणि अर्ज तिथेच अडकतो. गावनकाशाची नक्कल, लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब आणि अडवलेल्या जागेचे फोटो जोडा. तहसीलदार स्थळपाहणी करतात, तेव्हा तिथे हजर राहा आणि पंचनाम्यात काय लिहिलं ते वाचूनच सही करा. या निर्णयावर फेरतपासणी अर्ज चालतो. दिवाणी न्यायालयाने नंतर काही वेगळं ठरवलं नाही, तर हाच निर्णय कायम राहतो.

लोक इथे एक गल्लत करतात. जुनी वाट मोकळी करून मागणं वेगळं आणि नवी वाट मागणं वेगळं. वाट आधी नव्हतीच आणि बांधावरून नवी हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 लागतं. तिथे 6 महिन्यांचं बंधन नाही. मात्र त्या निर्णयाने ज्याचं समाधान झालं नाही त्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. अर्जावर दोन्ही कलमं एकत्र लिहून दिली की विरोधी वकील पहिल्याच तारखेला विचारतो, ‘वाट होती की नव्हती?’

आता बांध. इथे मोजणी आधी, दावा नंतर. चार तास म्हणजे किती आर, हे कागदावर आल्याशिवाय दावा उभा राहत नाही. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करा आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं बरोबर द्या. चुलतभावाला नोटीस मिळाल्याचा पुरावा हवाच. नोटिशीशिवाय झालेली मोजणी उलटतपासात टिकत नाही. हातात येणारी ‘क’ प्रत नीट बघा : अतिक्रमणाचं क्षेत्र आरमध्ये दाखवलंय का, ते कोणत्या गटातून कोणत्या गटात गेलंय, आणि मोजणी जुन्या टिपणाशी, गटबुकाशी (मोजणी खात्याच्या मूळ नोंदींशी) जुळवलीय की फक्त चालू वहिवाट काढलीय. खान्देशात एकत्रीकरण योजनेच्या (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले गेले तेव्हाच्या) वेळचे नकाशे आणि प्रत्यक्ष ताबा यांत फरक असलेली गावं बरीच आहेत. तिथे एकाच गटाची मोजणी करून भागत नाही, शेजारचा गटही मोजावा लागतो. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. आणि हे लक्षात असू द्या की मोजणी खातं हद्द दाखवतं, ताबा काढून देत नाही.

मोजणीत अतिक्रमण निघालं आणि चुलतभाऊ हलायला तयार नाही, तर दिवाणी दावा. जमीन जिथे, दावा तिथल्याच न्यायालयात. दाव्याचं मूल्यांकन 5 लाखांपर्यंत असेल तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर; त्यावर असेल तर वरिष्ठ स्तर. शेतजमिनीचं मूल्यांकन बाजारभावाने न होता शेतसाऱ्याच्या पटीत होतं, त्यामुळे कोर्ट फी लोक घाबरतात तेवढी नसते. खर्च होतो तो वकिलाची फी, मोजणी, कोर्ट कमिशनर, नकला आणि तारखांना जाण्यात.

दावा लिहिताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फक्त ‘निरंतर मनाई’ मागणं. मनाई हुकूम तुमच्या ताब्यातल्या जमिनीला संरक्षण देतो. गेलेले चार तास तो परत आणत नाही. त्यासाठी ताब्याची मागणी दाव्यात हवी, मोजणीप्रमाणे क्षेत्र आणि चतुःसीमा देऊन, नकाशा जोडून. समोरचा तुमची मालकीच नाकारत असेल तर मालकी ठरवून मागणंही जोडावं लागतं. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दावा दुरुस्त करायची परवानगी सहज मिळत नाही. मालकीच्या आधारे ताबा मागायची मुदत 12 वर्षांची आहे. चुलतभाऊ बहुधा म्हणणार की बांध आहे तिथेच 20 वर्षांपासून आहे. म्हणून जुने फोटो आणि जुनी मोजणी शोधून ठेवा. मोबाइलमधला फोटो किंवा व्हिडिओ दाखल करायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र बरोबर द्यावं लागतं.

दावा दाखल झाला की त्याला रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) पडतो आणि त्याच दिवशी बहुतेक वेळा निशाणी 5 चा अर्ज जातो, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा. न्यायालय तीन गोष्टी पाहतं : प्रथमदर्शनी तुमची बाजू आहे का, गैरसोय कोणाची जास्त, आणि भरून न येणारं नुकसान होणार का. समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त हुकूम क्वचित मिळतो. मिळाला तर अर्ज, दावा आणि कागदांच्या प्रती त्याला लगेच पाठवून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते राहिलं की हुकूम उठतो. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. उलट बाजूने, चुलतभाऊच आधी कोर्टात जाईल अशी शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ प्रमाणे कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, लावून ठेवा. ते 90 दिवस चालतं.

निशाणी 5 वरचा निकाल म्हणजे दाव्याचा निकाल नव्हे, पण गावात तो तसाच धरला जातो. जिंकलेला सुस्तावतो, हरलेला जिल्हा न्यायालयात अपिलात जातो आणि मूळ दावा तिथेच पडून राहतो.

मूळ दाव्याचे टप्पे असे. बेलिफामार्फत समन्स बजावलं जातं. प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, न्यायालय ती 90 दिवसांपर्यंत वाढवतं, आणि साध्या दिवाणी दाव्यात कारण पटलं तर त्यानंतरही खर्च भरायला लावून घेतं. मग न्यायाधीश मुद्दे काढतात. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो. उलटतपास साक्षीदाराला उभं करून. हद्दीच्या दाव्यात मोजणीदाराची साक्ष होते किंवा न्यायालय आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर नेमून पुन्हा मोजणी करवतं. कमिशनरचा अर्ज शेवटी शेवटी देण्यापेक्षा मुद्दे निघाल्याबरोबर दिलेला बरा. पुढे युक्तिवाद आणि हुकूमनामा, म्हणजे निकालाचा अंतिम हुकूम.

दोन्ही बाजू नेटाने लढल्या तर तालुक्याच्या न्यायालयातच काही वर्षं जातात. निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील. त्यानंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दुसरं अपील, 90 दिवसांत, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही जिल्हे तिथेच जोडलेले आहेत. सगळ्या पायऱ्या चढायच्या म्हटल्या तर दहा-पंधरा वर्षांची तयारी ठेवा.

उशिराचं सगळं खापर न्यायाधीशांवर फोडतात, पण बरेच दावे पक्षकारांच्या हलगर्जीने मरतात. समन्स न बजावता परत आलं आणि नव्या समन्ससाठी 7 दिवसांत अर्ज केला नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. वादी किंवा प्रतिवादी वारला तर 90 दिवसांत वारस दाखल करावे लागतात. नाही केले तर मृताच्या बाबतीत दावा आपोआप पडतो, आणि तो उठवायला पुढचे 60 दिवस मिळतात. शेतीच्या दाव्यात पक्षकार वयस्क असतात, त्यामुळे हे सतत घडतं आणि वकिलाला वेळेवर कळवलेलं नसतं. ई-कोर्टवर दाव्याचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) स्वतः बघायची सवय लावा.

आणि हुकूमनामा मिळाल्यावरही जमीन आपसूक परत येत नाही. त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, द्यावी लागते. मुदत 12 वर्षांची, कायम मनाईच्या हुकमाला मुदत नाही. ताबा घेताना बेलिफासोबत मोजणीदार नसेल तर बेलिफ शेतात उभा राहून विचारतो, ‘नेमका कुठून कुठपर्यंत?’ म्हणून हुकूमनाम्याला नकाशा जोडलेला असणं फार मोलाचं. दरखास्ती 6 महिन्यांत संपवाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलंय. दरखास्त रेंगाळली तर वकिलाला त्याचा दाखला द्यायला सांगा.

वाटणीचं गणित तुमच्या घरात सोपं आहे. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असो की वडिलोपार्जित, आई, दोन मुलं आणि मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा येतो. वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांसह पाच समान भाग पडतात आणि वडिलांचा पाचवा भाग पुन्हा चौघांत जातो, उत्तर तेच : प्रत्येकी 80 आर. मुलीचा जन्मसिद्ध हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला आणि वडील त्या वेळी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. अपवाद 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्यांचा. ‘लग्नात दिलं’ या बोलण्याला कायद्यात किंमत नाही. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तलाठ्यासमोरच्या जबाबावर हक्क जात नाही.

चौघं राजी असाल तर कोर्टाची पायरी चढूच नका. आधी वारस नोंद करून घ्या. मग महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे सर्वांच्या सहमतीने वाटपाचा अर्ज करा, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक 100 रुपयेच लागतो. 80 आर म्हणजे तुकडेबंदीच्या 20 गुंठे जिरायत, 10 गुंठे बागायत या मर्यादेच्या बरंच वर, तेव्हा तुमच्या पिढीत तो अडसर नाही. अडसर दुसराच येतो. वाटणीपत्रात जमीन येते आणि विहीर राहून जाते. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी किती तासांची, वीजजोडणी कोणाच्या नावावर, मागच्या हिश्श्याला पुढच्या हिश्श्यातून किती फुटांची वाट, पाइपलाइन कुठून जाणार, हे लिहिलं नाही तर पुढचा दावा त्या वाटणीपत्रातच पेरलेला असतो.

एक जण जरी अडला तर वाटपाचा दिवाणी दावा. सगळे हिस्सेदार आणि सगळ्या मिळकती त्यात यायलाच हव्यात, नाहीतर अपुऱ्या वाटपाची हरकत येते. इथे न्यायालय फक्त हिस्से ठरवतं. शेतसारा लागणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. फाईल तिथून तहसीलला, तहसीलमधून भूमी अभिलेखला, मग वाटप तक्ता, हरकती, ताबे. निकाल लागूनही जमीन न मिळालेले लोक बहुधा याच वाटेवर कुठेतरी अडकलेले असतात. फाईल कोणत्या टेबलावर आहे ते दर महिन्याला विचारत राहावं लागतं. दुसरा सापळा फेरफाराचा. नोंद कोणाच्या नावाची, यावर प्रांताकडून थेट मंत्रालयापर्यंत भांडणं चालतात. पण फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. हिस्सा हवा असेल तर वाटपाचा दावा.

कापसाच्या पैशांबद्दल थोडक्यात. पैसे देय झाल्यापासून 3 वर्षं मुदत. व्यापाऱ्याने मधे काही रक्कम लेखी पोच देऊन किंवा बँकेतून दिली, अथवा देणं लेखी कबूल केलं, तर तिथून नवी 3 वर्षं. तोंडी वायद्याने मुदत वाढत नाही. चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, 15 दिवस वाट, आणि पुढच्या महिन्याच्या आत तक्रार. यात एक दिवसही सैल सोडू नका. खेडा खरेदीत काटा पावतीवर नाव आणि भाव नसतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशेब जपून ठेवा. बाजार समितीचा परवानाधारक व्यापारी असेल तर समितीकडे लेखी तक्रार टाका. परवान्याची भीती पुष्कळदा कोर्टाच्या भीतीपेक्षा लवकर काम करते.

आता कोर्टाबाहेरचे मार्ग. चुलतभावाच्या तंट्यात मध्यस्थी पहिली करून बघण्यासारखी आहे. कारण न्यायालय फक्त जमीन कोणाची ते सांगू शकतं, अदलाबदल सुचवू शकत नाही. ‘चार तास मी सोडतो, तू बांधाच्या कडेने दहा फुटांची कायम वाट दे’ हा तोडगा हुकूमनाम्यात आपोआप येणार नाही, मध्यस्थीत येऊ शकतो. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो दोघांना एकत्र आणि वेगवेगळं बसवतो, आणि तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. दावा चालू असताना न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण तिकडे पाठवतं, तशी विनंती तुम्हीही करू शकता. मात्र समोरच्याला नुसता वेळच काढायचा असेल तर मध्यस्थी त्याच्या पथ्यावर पडते. म्हणून तिच्या भरवशावर वाटेची 6 महिन्यांची मुदत घालवू नका. अर्ज दाखल करा आणि मग बोला.

दोघांची अख्खी शेतंच एकमेकांच्या ताब्यात गेली असतील तर सलोखा योजना आहे. 3 जानेवारी 2023 च्या शासन निर्णयाने अशा अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1,000 आणि नोंदणी फी 1,000 रुपये ठेवली. ताबा किमान 12 वर्षांचा असावा लागतो आणि तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा लागतो. तुमच्या चार तासांना ती लागू होणार नाही.

गावच्या तंटामुक्त समितीपुढे समेट झाला तर उत्तम, पण तो तिथल्या रजिस्टरमध्येच ठेवू नका. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवा. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो, दावा चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्यावर अपील नाही. अपील नाही हे दुधारी आहे. सही करण्याआधी मसुदा घरी नेऊन वाचा. ‘दोघांनी सलोख्याने राहावे’ असल्या निवाड्याची दरखास्त होत नाही. गट क्रमांक, क्षेत्र, वाटेची रुंदी, नकाशा, काम कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय, हे हवं. तडजोडीत दाव्याबाहेरची जमीन आली असेल तर ती नोंदवावी लागते.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा किंवा शिरपूर भागातल्या वाचकांसाठी वेगळा इशारा : आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाणारी तडजोड, ती लोकअदालतीतली असली तरी, महसूल संहितेच्या कलम 36-अ खालची पूर्वपरवानगी नसेल तर टिकत नाही. तसंच कुळाचा प्रश्न निघाला की कूळ कायद्याच्या कलम 85-अ प्रमाणे तो तहसीलदाराकडे जातो आणि दिवाणी दावा तोवर थांबतो. आपल्या सातबाऱ्यावर जुनी कुळाची नोंद आहे का, हे दावा लावण्याआधी पाहून घ्या.

खर्चाबद्दल शेवटचं. महिला पक्षकारांना महाराष्ट्रात काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ आहे; तुमच्या दाव्याला ती लागू होते का, हे वकिलाला विचारा. तुमची आई आणि बहीण विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही घेऊ शकतात, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे द्यायचा, सोबत ओळखपत्र, सातबारा, आठ-अ आणि वादाची एक पानी हकीकत.